हिरडीच्या काठावरची दोन मिनिटे

वाचकांचे पत्र

"मी ४१ वर्षांची असून कोथरूडला राहते आणि शिवाजीनगरच्या एका कार्यालयात नोकरी करते. वडिलांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे मी रोज सकाळी न चुकता, चांगला जोर लावून दात घासते. तरीही वर्षभरापासून ब्रशला रक्त लागते, गार पाणी प्यायले की डाव्या बाजूची कळ मस्तकात जाते, आणि मागच्या महिन्यात डॉक्टरांनी हिरड्या मागे सरकल्याचे सांगून दात साफ करून घ्यायला सुचवले. दात साफ केले की हलायला लागतात, असे शेजारच्या काकू म्हणतात. रोज घासूनही माझ्याच वाट्याला हे का? माझा ७ वर्षांचा मुलगा ब्रश पाहिला की पळतो. जुन्नर तालुक्यातून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई दिवसातून तीन वेळा मिश्री लावतात आणि 'माझे दात तुझ्यापेक्षा भक्कम आहेत' असे मला ऐकवतात. सकाळी टेकडीवरून फिरून आल्यावर मी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते आणि मग दात घासते, हेही लिहून ठेवते. कशाचा संबंध कशाशी असेल, सांगता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. लिंबू-मधाचे वाक्य आपण शेवटी सहज जोडले असेल, परंतु आपल्या कळेचा एक धागा तिथेच सापडतो. त्याकडे पुढे येतेच. आधी 'रोज घासूनही माझ्याच वाट्याला हे का' या प्रश्नाचे उत्तर देते, कारण त्यामागची खंत मला चांगली ओळखीची आहे. दवाखान्याच्या खुर्चीत बसून हा प्रश्न विचारणारी माणसे बहुधा नियम मनापासून पाळणारीच असतात. आपली शिस्त कुठेही कमी पडलेली नाही. दात रोज घासावेत हे वडिलांनी आपल्याला शिकवले; ते नेमके कुठे आणि कोणत्या हाताने घासावेत हे बहुधा कोणीच शिकवले नाही, आणि हे आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत तितकेच खरे आहे.

मराठीत आपण भांडी घासतो, फरशी घासतो, अंग घासतो आणि त्याच क्रियापदाने दातही घासतो. करपलेले पातेले घासताना मनगटाला जी सवय लागते, तीच सकाळी बेसिनपाशी हातात उतरते आणि जोर वाढला की स्वच्छता वाढली असे मनाला वाटू लागते. दातांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, कारण ब्रशने जे काढायचे असते ते पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या खरवडीसारखे कडक नसतेच. तो जिवाणूंचा मऊ, पांढुरका, चिकट थर असतो. खात्री करून घ्यायची असेल तर आज रात्री ब्रश हाती घेण्यापूर्वी स्वच्छ हाताने, आरशात पाहत, मागच्या एखाद्या दाढेच्या बुंध्याशी अगदी हिरडीला लागून नखाची कड हलकेच ओढून पाहावी. नखावर ओलसर पांढरे असे काही आले, तर आपल्या ब्रशला लागणाऱ्या रक्ताचे मूळ तेच आहे असे समजावे. नखाच्या हलक्या स्पर्शाने जे निघते त्याला जोराची गरज नाही. तिथवर ब्रश पोहोचण्याची गरज आहे.

या थराचा आणि रक्ताचा संबंध कसा सिद्ध झाला, हे दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबवायला सांगितले होते. १० ते २१ दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्यांना दाह झाला, आणि ब्रश पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हे काम १९६५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. रक्त येते म्हणजे आता सगळे संपले असा त्याचा अर्थ होत नाही; सुजलेली हिरडी, थर रोज निघू लागला की, बऱ्याच अंशी स्वतःहून बरी होते. मात्र अनेकजण रक्त दिसले की घाबरून नेमकी तीच जागा टाळतात. तिथला थर मग आणखी वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढते. जिथून रक्त येते तिथेच ब्रश हळुवारपणे, पण न टाळता, फिरवायचा असतो.

आता हाताविषयी सविस्तर लिहिते, कारण या उत्तरात सर्वांत अधिक जागा त्यालाच द्यावी असे मला वाटते. मी रुग्णांना पहिल्या भेटीला येताना घरचा ब्रश घेऊन यायला सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्याच वयाच्या एक बाई रुमालात गुंडाळून ब्रश घेऊन आल्या. तो विकत घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि त्याचे केस दोन्ही बाजूंना असे लोळले होते की ब्रश पालथा टेबलावर ठेवला तर केसांची टोके टेबलाला टेकतच नव्हती. मी त्यांना बेसिनपाशी नेले आणि घरी घासता तसे घासून दाखवा म्हटले. त्यांनी ब्रश मुठीत धरला आणि आडवा, करवतीसारखा, मागेपुढे चालवायला सुरुवात केली. मनगट स्थिर होते आणि कोपर हलत होते. पस्तीस सेकंदांत काम आटोपले. त्यांच्या डाव्या सुळ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या दोन दाढांच्या बुंध्याशी नखाची कड अडकेल अशा खाचा पडल्या होत्या, आणि त्याच दाढांच्या जिभेकडच्या बाजूला थर तसाच होता. दिसणारी बाजू झिजेपर्यंत घासलेली आणि न दिसणाऱ्या बाजूला स्पर्शही नाही, असे एकाच तोंडात दिसते तेव्हा दोष आळसाचा नसतो हे उघड आहे. उजव्या हाताने जोरात घासणाऱ्यांच्या बाबतीत डाव्या बाजूचा सुळा आणि त्यालगतच्या दाढा अशा झिजलेल्या मी बऱ्याचदा पाहते. आपली कळही डावीकडेच आहे, म्हणून ही हकीकत मुद्दाम लिहिली.

ब्रश मऊ केसांचा, लहान डोक्याचा घ्यावा. वेष्टनावर 'सॉफ्ट' किंवा 'अल्ट्रा सॉफ्ट' असे लिहिलेले असते. 'हार्ड' ब्रश आपल्या घरातून आजच बाद करावा. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांच्या चिमटीत धरावा; असा धरला की हवा तेवढा जोर लावताच येत नाही, आणि आपल्याला तेच हवे आहे. त्याचे केस दाताच्या मध्यावर न ठेवता दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर, हिरडीच्या दिशेने साधारण ४५ अंशांत कलते ठेवावेत, म्हणजे केसांची टोके हिरडीच्या काठाखाली किंचित शिरतात. तिथे ब्रश न सरकवता जागच्या जागी अगदी लहान थरथरती हालचाल दहाबारा वेळा करावी, नंतर ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे अलगद फिरवून घ्यावा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जावे. अमेरिकेतील चार्ल्स बास नावाच्या वैद्यकाने गेल्या शतकाच्या मध्यास ही पद्धत मांडली आणि आजही मोठ्या माणसांना, विशेषतः हिरड्यांचा त्रास असलेल्यांना, प्रामुख्याने हीच शिकवली जाते. पहिले चारपाच दिवस हात अवघडल्यासारखा वाटेल आणि दात घासल्याचे समाधानही वाटणार नाही, कारण आपल्याला जोराच्या समाधानाची सवय आहे. तरीही ही पद्धत सोडू नये.

कुठून सुरुवात करायची याचा एक क्रम ठरवून घ्यावा आणि तो कधीही मोडू नये. मी स्वतः आणि माझे रुग्ण जिभेकडच्या बाजूने सुरुवात करतो, कारण शेवटी राहिलेले काम घाईत उरकले जाते आणि पुढचे दिसणारे दात घाईतही कोणी विसरत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरून त्याच्या टोकाचे केस वापरावेत. लाळेच्या ग्रंथींची तोंडे जवळच असल्यामुळे तिथे कीटण, म्हणजे थर टणक होऊन बनलेला दगडासारखा साका, सर्वांत लवकर धरते. वरच्या शेवटच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूचेही तसेच आहे. तिथे ब्रश शिरत नसेल तर तोंड मोठे उघडण्याऐवजी अर्धवट मिटावे, म्हणजे गाल सैल पडतो आणि जागा होते. हे सगळे दोन मिनिटांत होते. परंतु आपल्या अंदाजाची दोन मिनिटे आणि घड्याळाची दोन मिनिटे यांत फार अंतर असते, म्हणून पहिला महिनाभर मोबाइलवर वेळ लावूनच घासावे. शेवटी जिभेवरूनही मागून पुढे एकदोनदा हलकेच ब्रश किंवा पट्टी फिरवावी. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा. त्याआधीच केस लोळले तर ब्रश बदलावाच, आणि हातही पुन्हा तपासावा. बॅटरीवरचा ब्रश घेतला तरी चालतो, आणि जोर वाढला की थांबणारा किंवा दिवा लावणारा मिळाला तर आपल्यासारख्यांना तो उपयोगी पडतो, पण त्यावाचून अडत नाही.

आपण फक्त सकाळी दात घासता. दिवसातून एकदाच घासणे शक्य असते, तर मी सकाळऐवजी रात्रीची वेळ निवडायला सांगितली असती. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि तोंडातले आम्ल धुऊन काढणारी, दातांना कॅल्शियम परत देणारी आपली राखणदार लाळच आहे. रात्रीच्या जेवणाचे कण आणि दिवसभराचा थर तसाच ठेवून झोपणे म्हणजे राखणदार नसताना सात-आठ तास दार उघडे टाकणे. त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी असे दोनदा घासावे. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये, बडीशेपसुद्धा नाही.

लाळेचा विषय निघाला म्हणून चहाविषयीही लिहिते. शिवाजीनगरच्या कार्यालयात काम करणाऱ्या माणसाला अमृततुल्य टाळणे किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे. गोड काही तोंडात गेले की थरातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तिथला सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या आवरणातून खनिजे निघू लागतात, आणि लाळेला ते आम्ल निवळायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हे दातांसाठी अधिक महत्त्वाचे ठरते. चार वेळा गोड चहा आणि त्यासोबत बिस्किटे म्हणजे दातांवर आम्लाच्या चार पाळ्या. त्यांतल्या दोन चहा बिनसाखरेचे करता आले, आणि मिठाई जेवणासोबतच खाल्ली, तर बराच फरक पडेल. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरण्याची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. कार्यालयात ती लाजेपोटी सुटते, ती सोडू नये.

लिंबू-मधाचेही गणित हेच आहे, फक्त इथे आम्ल जिवाणूंनी तयार करण्याची वाट पाहावी लागत नाही. लिंबाच्या रसाने दाताचे आवरण काही काळ मऊ पडते, आणि तशा स्थितीत आपण जोर लावून ब्रश चालवता. रोज सकाळी, वर्षानुवर्षे. आपण लिंबू-मध बंद करा असे मी म्हणणार नाही, परंतु दात त्याआधी, टेकडीवर जाण्यापूर्वीच घासावेत, लिंबू-मध घोट घोट न पिता एका वेळेस संपवावे, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. आंबट काही घेतल्यावर घासायचेच असेल तर किमान अर्धा तास थांबावे.

कळ का येते, तेही समजून घ्यावे. दाताचा हिरडीबाहेरचा भाग शरीरातल्या सर्वांत कठीण पदार्थाने मढवलेला असतो. हिरडीखालच्या मुळावर तसे आवरण नसते. हिरडी मागे सरकली की मूळ उघडे पडते, आणि त्यातल्या अतिसूक्ष्म नळ्यांमधला द्रव गार पाण्याने हलला की आतली नस दुखते. मागे गेलेली हिरडी ब्रशची पद्धत सुधारून पुढे येत नाही, हे मी आपल्याला स्पष्ट सांगते. ती आणखी मागे जाणे मात्र थांबवता येते, आणि कळ कमी करता येते. त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची पेस्ट मिळते. तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि चार दिवस वापरून 'काही फरक नाही' म्हणून ती टाकून देणारे लोक मी नेहमी पाहते. खाच खोल असेल तर डॉक्टर ती भरून देतात.

पेस्टविषयी एवढेच की तिच्यात दातांची कीड रोखणारे फ्लोराइड असावे. वेष्टनावर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असे लिहिलेले असते आणि प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, दिलेले असते. आपल्याकडे त्याची कायदेशीर कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. वनौषधींच्या अनेक पेस्टमध्ये ते नसते, म्हणून नावापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात, तेवढी लागत नाही. मोठ्यांनाही वाटाण्याएवढी पुरते. आणि घासून झाल्यावर पेस्ट नीट थुंकून टाकावी, पण भांडेभर पाण्याने चुळा भरू नयेत. चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे न वाटणाऱ्या आपल्या लोकांना हे फार जड जाते. मलाही गेले होते. पण चुळीबरोबर फ्लोराइडही बेसिनमध्ये जाते, आणि रात्री ते दातांवर राहिले तरच त्याचे काम होते. जेवणानंतर चूळ भरावी, ब्रशनंतर ती टाळावी, असे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

दोन दातांच्या फटीत ब्रश जात नाही. तिथे रात्री एकदा दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा फट मोठी असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश वापरावा. टाचणी, सेफ्टी पिन आणि काडेपेटीतली काडी यांनी हिरडी फाटते. पर्समध्ये पिन ठेवून जेवणानंतर सर्रास वापरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून लिहिले.

शेजारच्या काकूंचे म्हणणे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि ते कुठून येते हे मला समजते. हिरडीलगतचा मऊ थर तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत तो दगडासारखा टणक होतो. हेच कीटण, आणि ते कोणत्याही ब्रशने, पेस्टने किंवा मिठाने निघत नाही. कीटणाखाली सूज राहून दाताला धरणारे हाड हळूहळू झिजते, दात आधीच सैल झालेला असतो, आणि कीटणाच्या भिंतीने तो शेजारच्या दातांना जखडून ठेवलेला असतो. भिंत काढली की दात हलतो, फटी दिसतात, आणि दोष सफाईवर येतो. सफाई जितकी लांबवावी तितके हाड अधिक जाते. आपल्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. सफाई करून घ्यावी. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात रंगूनवाला, भारती विद्यापीठ आणि सिंहगड अशी दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही कामे बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतात, फक्त वेळ हाताशी ठेवून जावे लागते. सफाईनंतर दोन-तीन आठवडे वर लिहिल्याप्रमाणे घासूनही रक्त थांबले नाही, तर पुन्हा दाखवावे आणि रक्तातली साखरही तपासून घ्यावी. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात, आणि कधी कधी मधुमेहाची पहिली शंका हिरड्यांवरूनच येते.

आपल्या मुलाचे वय मला थोडे काळजीचे वाटते, आणि त्याचे कारण ब्रश पाहून पळणे हे नाही. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, चार नव्या दाढा येतात. दात पडला नाही म्हणून आईवडिलांना वाटते की ह्याही दुधाच्याच. 'पडणारच आहे' म्हणून कीड लागली तरी सोडून देतात. या दाढा कायमच्या असतात. आज रात्री मुलाला खिडकीकडे किंवा दिव्याकडे तोंड करून बसवावे आणि सर्वांत मागे, खोल खाचा असलेल्या रुंद दाढा आल्या आहेत का ते पाहावे. आल्या असतील तर त्यांच्या खाचा बुजवणारा पातळ लेप डॉक्टर लावून देतात, दुखत नाही, आणि कीड रोखायला तो फार उपयोगी आहे.

घासण्याच्या बाबतीत, या वयातल्या मुलाच्या हाताला बारीक हालचाल अजून पुरती जमत नाही. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याच्याकडून हिरडीचा काठ साफ होणार नाही. सकाळी त्याला स्वतः घासू द्यावे. रात्री आपण त्याच्या मागे उभे राहून, त्याचे डोके आपल्या पोटाशी टेकवून, एका हाताने ओठ बाजूला करून दुसऱ्या हाताने घासावे. समोर उभे राहून घासले की मूल मान मागे नेते आणि झटापट सुरू होते. बऱ्याच मुलांचे पळणे ब्रश हिरडीला टोचतो म्हणून असते. आपल्या घरातला जोर पाहता, त्याला कोणी घासून देताना दुखले होते का, हे त्यालाच प्रेमाने विचारावे. पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ती थुंकायला शिकवावी. रात्री चॉकलेटची पूड घातलेले दूध देत असाल तर ते ब्रशच्या आधी द्यावे.

आता सासूबाई. हा भाग मी शेवटी घेतला असला तरी त्याची घाई सर्वांत अधिक आहे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून केलेली तंबाखूची पूड. दात साफ करण्याच्या नावाने ती घरात आली आणि तंबाखू म्हणून ती राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक बायकांना ती लहान वयातच आई-आजीच्या हातून मिळाली, त्यांत त्यांचा काही दोष नाही. माझी आजीही लावत असे, आणि मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, असे तीही म्हणत असे. दिवसातून तीन वेळा लावावीशी वाटते ती दातांसाठी नाही. निकोटिनची तलफ असते. दात भक्कम आहेत, हे सासूबाईंचे म्हणणे आपण खोडून काढू नये, ते खरेही असेल. मुख्य धोका दातांना नाही, मिश्री जिथे लागते त्या गालाच्या आणि हिरडीच्या कातडीला आहे. धूरविरहित तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे निःसंशय सिद्ध झालेले आहे, आणि टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालण्यास आपल्याकडे १९९२ सालापासून बंदी आहे.

त्यांच्याशी वाद न घालता एक गोष्ट करावी. दिवसाच्या उजेडात त्यांना बसवून, टॉर्च घेऊन, गालाच्या आत, हिरड्यांवर, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पाहावे. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारी गाठ, तिखट लागताच होणारी जळजळ किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काहीही दिसले तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. काही दिसले नाही तरी एकदा तपासून घ्यावेच, कारण सुरुवातीचे बदल नवख्या डोळ्याला कळत नाहीत. मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तीनदा लावतात त्याचे आधी दोनदा करावे, मग सकाळची एकच ठेवावी, असे टप्प्याने गेले तर या वयात सोसवते. सर्वांत आधी दुपारची सुटते, सर्वांत शेवटी सकाळची, हा माझा अनुभव आहे. ब्रश हातात धरायला त्या तयार नसतील तर काही दिवस त्यांना बोटानेच पेस्ट लावू द्यावी. बोट हिरडीवर फिरवण्याची सवय जुनी आहे. बोटावर फक्त तंबाखू नसावी, एवढेच आधी साधायचे आहे. मुलाला रात्री घासून देताना त्यांनाही बेसिनपाशी बोलवावे. नातवाने थुंकलेला पेस्टचा फेस बघायला आजी आली, की पुढचे बोलणे सोपे जाते.